चार ते पाच हार्दोयो घरात नाहीत

जगातले सगळे थोर विचार शांततेत जन्माला येतात, असं पाक हार्दोयो यांचं ठाम मत होतं, आणि हे मत मांडताना त्यांना नेहमी ओरडावं लागायचं.

त्याला कारण त्यांचं घर. सोलो शहरातल्या त्या बैठ्या घरात पाच माणसं राहायची. चौघांना जगाला काहीतरी ऐकवायचं होतं आणि पाचव्याला काहीतरी ऐकायचं होतं. (आमच्याकडे पुरुषाला मानाने 'बापाक' किंवा नुसतं 'पाक' म्हणतात, आणि बाईला 'बू'.) त्यांची बायको, बू सुमिनाह, दूरदर्शनवरच्या मालिकेतल्या सुनांना स्वयंपाकघरातून सल्ले द्यायची, आणि त्या सुना ऐकत नाहीत म्हणून आवाज चढवायची. त्यांच्या सासूबाई कार्सिनेम, घरादाराच्या म्बाह म्हणजे आजी, वय वर्षं एक्क्याऐंशी, आपल्याला कमी ऐकू येतं त्या अर्थी सगळ्यांनाच कमी ऐकू येत असणार अशा समजुतीने बोलायच्या. मुलगी वुलान ओसरीत बसून फोनवरून बाटिकचे कपडे विकायची. "ताई, रंग जाणार नाही, लिहून देते" हे वाक्य ती दिवसातून साठ वेळा शपथेवर सांगायची. जावई गालिहने पक्षी पाळले होते. आणि या सगळ्यांतून एखादा क्षण रिकामा राहिलाच, तर रस्त्यावरून टोफूवाला भोंगा वाजवत जायचा.

पाक हार्दोयोंनी भूमी अभिलेखाच्या कचेरीत चौतीस वर्षं नकाशे काढले होते. ह्याची हद्द कुठे संपते आणि त्याची कुठे सुरू होते हे त्यांनी अर्ध्या जिल्ह्याला दाखवून दिलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी एवढीशीच जागा आखून घेतली: दुपारी चार ते पाच. त्या तासात रेडिओवर क्रोंचोंग लागायचं.

क्रोंचोंग ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांना ते सांगून कळणार नाही, आणि ज्यांनी ऐकलंय ते सांगण्याइतके जागे राहत नाहीत. एक एवढीशी गिटार चुकचुक करत पुढे चालते, चेलो पोट सांभाळत मागून डुलत येतो, बासरीला कुठेच पोचायची घाई नसते, आणि गाणारी बाई एकेक शब्द असा सोडते, की जणू तो संध्याकाळपर्यंत घरी परत येणारच आहे. दुसऱ्या गाण्याला पाक हार्दोयोंची वेताची खुर्ची जमिनीवरून किंचित उचलली जायची. तिसऱ्याला ती नदीला लागायची. चौतीस वर्षं त्यांनी निळ्या शाईने नद्या काढल्या होत्या, पण त्यांतल्या एकीचंही पाणी कधी हललं नव्हतं. इथे ते हलायचं. काठावर कोणीतरी छत्री धरून उभं असायचं आणि ते कोण, हे कळायच्या आत नेमके पाच वाजायचे.

या सुखाला पहिला सुरुंग लावला एका पक्ष्याने.

गालिहकडे एक मुराई होता, लांब शेपटीचा, काळाभोर, छातीला विटकरी. नाव ठेवलं होतं गुंतुर, म्हणजे गडगडाट. अशा पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धा असतात, आणि पक्षी जे ऐकेल ते शिकतो. म्हणून गालिह त्याला रोज जातिवंत पक्ष्यांच्या आवाजांची ध्वनिफीत ऐकवायचा. मधल्या वेळात गुंतुर स्वतःच्या हौसेने आणखी काही ऐकत होता, ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. एका रविवारी गालिह स्पर्धेहून आला, पिंजरा खुंटीला अडकवला आणि सासऱ्यांसमोर उकिडवा बसला. फार नम्रपणे बसला, म्हणजे फार चिडला होता.

"बापाक, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोल की."

"गुंतुर आज अंगाई गायला."

"अरे वा!"

"वा नव्हे, बापाक. शेजारच्या पिंजऱ्यातले पक्षी नुसते कडाडत होते. आमच्या साहेबांनी मान तिरकी केली, डोळे मिटले आणि लांबच लांब सूर लावला. एका परीक्षकाने खुर्ची मागवली. दुसऱ्याने जांभई दिली. तिसरा मला म्हणाला, पक्षी सुंदर आहे, पण याला निवृत्त कोणी केलं?"

पाक हार्दोयोंना आतून इतका आनंद झाला की तो लपवायला त्यांना चहाचा पेला तोंडाला लावावा लागला. आयुष्यात प्रथमच घरातल्या कोणीतरी त्यांची आवड उचलली होती. पण बाकीच्यांनी तो प्रश्न घरगुती सुरक्षेचा केला. बू सुमिनाहने निकाल दिला: "अहो, ते कानाला लावायचं मिळतं ना, ते आणा. तुमचं गाणं तुमच्या डोक्यात राहील. पोराचा धंदा कशाला बुडवता?"

हेडफोन घ्यायचे ठरले ही बातमी गल्लीत पसरायला कुंपणापलीकडे शेजारचे पाक सुरातमान उभे असणं पुरेसं होतं. पाक सुरातमान वीज खात्यातून निवृत्त झाले होते, आणि ज्या ज्या वस्तूत वीज जाते तिच्यावर मरेपर्यंत आपला ताबा आहे असं ते मानायचे.

"उघडे घेऊ नका," ते म्हणाले. "वारा जातो."

"मग बंद घेऊ?"

"बंद? मुळीच नको. वारा अडकतो."

"मग घेऊ काय?"

"ते मी कसं सांगू? कान तुमचे आहेत."

दुकानातली मुलगी मात्र शिकलेली होती. तिने विचारलं, "बापाक, वापर कुठे? प्रवासात की घरी?"

"घरी."

"एकटे असताना?"

"एकटा असतो तर इथे कशाला आलो असतो, बाळ?"

"म्हणजे घरच्यांचं बोलणंही ऐकू यायला हवं?"

पाक हार्दोयोंनी क्षणभर विचार केला. ते कचेरीत खरं बोलण्यासाठी प्रसिद्ध होते. "ऐकू नाही आलं तरी चालेल," ते म्हणाले. "येतंय असं त्यांना वाटलं पाहिजे."

मुलीने निमूटपणे सगळ्यात मोठे, बंद, जाड गादीचे हेडफोन काढून दिले.

पहिल्या दिवशी चार वाजता ते लावले आणि घर विझलं. मालिका, टोफूवाला, पक्के रंग, सगळं एका दमात विझलं. बायकोचे ओठ हलताना दिसत होते. ती एखाद्या फार सुंदर मासोळीसारखी दिसत होती. पाक हार्दोयो नदीला लागले, आणि म्बाह कार्सिनेमनी त्यांना पाण्याचा तांब्या मागितला.

तीनदा मागितला. सोलोमध्ये वडीलधाऱ्याने हाक मारली आणि समोरून 'हो जी' आलं नाही, तर माणूस एक तर मेलेला असतो किंवा उर्मट तरी. म्बाहनी जवळ जाऊन जावयाची नाडी पाहिली आणि पहिली शक्यता निकालात काढली. पाच वाजता पाक हार्दोयो परतले तेव्हा म्हातारी ओसरीत गाठोडं बांधून बसली होती.

"मला क्लातेनला पोचवा," त्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "माझ्या धाकट्याकडे. तो दारुडा आहे, पण ओ देतो."

पाक हार्दोयोंनी गुडघ्यांवर बसून त्यांच्या हातावर कपाळ टेकलं, तेव्हा गाठोडं सुटलं. पण खरा फटका दुसऱ्या दिवशी बसला. सकाळी एक रंगारी गुलाबी रंगाचे डबे घेऊन आला आणि स्वयंपाकघराच्या भिंती खरवडायला लागला. मागोमाग रिक्षातून बायकोची वोनोगिरीची बहीण उतरली, दोन बॅगा आणि एक फणस घेऊन.

"अहो, हे काय?" पाक हार्दोयोंनी विचारलं.

"काय म्हणजे? काल पाऊण तास बसून सांगितलं तुम्हाला. रंगाचं सांगितलं, ताईचं सांगितलं, दोन महिने राहील म्हटलं. प्रत्येक वाक्याला मान हलवत होतात." बू सुमिनाहचा आवाज एकदम मऊ झाला. "खरं सांगू? लग्नानंतर पहिल्यांदा कोणी माझं इतकं मन लावून ऐकलं."

ती मान चेलोसाठी हलत होती हे सांगणं त्या क्षणी माणुसकीला धरून झालं नसतं. पाक हार्दोयोंनी फणस आत नेला.

हेडफोन बदलून घ्यायचे ठरले. कंपनीचा नियम उदार होता: सात दिवसांत बदलून मिळेल, फक्त संगणकावर एक अर्ज भरा. अर्जात नाव, मग आडनाव. आता पाक हार्दोयोंना जन्मापासून एकच नाव होतं. वडिलांनाही एकच होतं, तेही वेगळं. आमच्या भागात एका माणसाला एक नाव पुरतं. पण आडनावाची चौकट रिकामी सोडली की अर्ज लाल होऊन बसायचा. शेवटी वुलानने दोन्ही चौकटींत 'हार्दोयो' घातलं आणि अर्ज हिरवा झाला. चार दिवसांनी नवे हेडफोन कुरिअर कचेरीत येऊन पडले, हार्दोयो हार्दोयो यांच्या नावे. खिडकीतल्या माणसाने ओळखपत्र पाहिलं, पाकीट पाहिलं, पुन्हा ओळखपत्र पाहिलं.

"यात एक हार्दोयो कमी आहे."

"तो मीच आहे."

"कुठला, पहिला की दुसरा?"

"दोन्ही."

"तसं लेखी आणा. गल्लीप्रमुखांचं पत्र, शिक्क्यासह."

अशा रीतीने पाक हार्दोयो एका दुपारी पाक वासितोंच्या दारात जाऊन पोचले, आणि नशिबाने इथे पहिला टाका घातला.

पाक वासितो नऊ वर्षं गल्लीप्रमुख होते. लोक त्यांना 'पाक एर्ते' म्हणायचे आणि कुठल्याही वेळी म्हणायचे. लग्नाला पत्र, मयताला पत्र, पाहुणा राहिला तर पत्र, कोंबडी हरवली तर पंचनामा. पगार नाही, मान आहे, म्हणजे ती मोडेपर्यंत वाकवायची सोय आहे. हे पद स्वतःहून कोणी घेत नाही. घ्यायचंच नसतं. बैठकीत एखाद्याचं नाव पुढे आलं की त्याने रीतीप्रमाणे तीनदा नाही म्हणायचं असतं. पहिल्यांदा 'मी अडाणी आहे', दुसऱ्यांदा 'माझ्याहून लायक कितीतरी आहेत', तिसऱ्यांदा घरातल्या कोणाचं तरी आजारपण. तीन नकार झाले की बैठक सुस्कारा टाकून पुढच्या नावाकडे वळते, आणि सगळी नावं संपली की जुनाच माणूस राहतो. नऊ वर्षांपूर्वी पाक वासितोंचं नाव आलं. दोन नकार त्यांनी उत्तम दिले, आणि तिसऱ्याच्या वेळी शेंगदाणा अडकून त्यांना ठसका लागला. ठसका थांबला तेव्हा टाळ्या वाजून गेल्या होत्या.

त्यांनी पत्र लिहून दिलं: 'दाखला देण्यात येतो की हार्दोयो व हार्दोयो हार्दोयो हे एकच इसम असून दोघांचीही वर्तणूक चांगली आहे.' शिक्का मारला, त्यावर फुंकर घातली, आणि कागद हातातून न सोडता पाक हार्दोयोंकडे बराच वेळ पाहिलं.

"अक्षर कसं आहे तुमचं, पाक?"

"नकाशे काढायचो. बरं आहे."

"दिवसभर घरीच असता?"

"असतो की."

"छान," पाक वासितो म्हणाले, आणि कागद सोडला.

नवे हेडफोन उघडे होते. कान गुदमरत नाहीत, घरातली हाक ऐकू येते, असं पाकिटावर लिहिलं होतं आणि ते शब्दशः खरं निघालं. हाक ऐकू यायची. हाकेबरोबर इतर सगळंही. उघड्या खिडकीतून चोर येतो तसा वुलानचा पक्का रंग गाण्यात शिरायचा, आणि गाणं त्याच खिडकीतून बारीक होऊन बाहेर पडायचं. वोनोगिरीची मेहुणी दारातून डोकावून म्हणाली, "सुमिनाह, भाऊजींच्या डोक्यात डास शिरलेत का गं?"

"असू दे गं. तेवढाच विरंगुळा. कचेरी सुटल्यापासून कोणी विचारत नाही त्यांना."

आता हे वाक्य नवऱ्याच्या दीड हातावर उच्चारायचं नव्हतं. पाक हार्दोयो डोळे मिटून पडून राहिले. बाई गात होती, नदी होती, पण नदीच्या मधोमध 'कोणी विचारत नाही त्यांना' ही पाटी कोणीतरी ठोकून ठेवली होती आणि होडी तिला धडकत होती. तिसऱ्या दिवशी गुंतुरने पिंजऱ्यातून ते बारीक गाणं जसंच्या तसं म्हणून दाखवलं, तेव्हा गालिह सासऱ्यांसमोर आला. नुसता उकिडवा बसला. ते हेडफोन मेहुणीने मागून घेतले आणि पाक हार्दोयो पुन्हा दुकानात गेले.

मुलीने त्यांना ओळखलं. या वेळी तिने काहीच न विचारता एक बारीकशी कमान काढली. ती कानात घालायची नव्हती, कानामागच्या हाडावर टेकवायची होती. गाणं हाडातून आत जाणार आणि कान मोकळे.

"हाडातून?" कुंपणापलीकडून पाक सुरातमान हादरले. "अहो, हाडात गाणं साठतं! म्हाताऱ्यांचे गुडघे वाजतात ते कशाने, वाटलं काय तुम्हाला?"

पण ते यंत्र खरोखर अद्भुत होतं. काळी मखमली टोपी जरा खाली ओढली की दिसतही नसे. म्बाहनी पाणी मागितलं की 'हो जी' जायचं, बायकोने काही विचारलं की उत्तर जायचं, आणि तरीही आत कुठेतरी, कवटीच्या मागच्या अंगणात, ती बाई गात असायची. घर आणि नदी एकमेकांत मिसळली. बू सुमिनाह केळी तळायची आणि तेलाचा आवाज पाण्याचा व्हायचा. म्हातारी लांब काठावरून हाक मारायची. छत्रीवाली एक पाऊल जवळ आली. पाक हार्दोयो तीन आठवडे सुखी होते. त्याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही, सुखात प्रसंग घडत नाहीत.

मग गल्लीची बैठक आली. ती पाळीपाळीने एकेकाच्या घरी भरते, आणि या खेपेला पाळी पाक हार्दोयोंची होती. रविवारी, दुपारी साडेतीन वाजता.

एरवी त्यांनी एक रविवार सोडून दिला असता. पण आठवडाभर रेडिओवर सांगत होते, की वीस वर्षं न गायलेली एक जुनी गायिका या रविवारी चार वाजता गाणार, आणि पुन्हा गाणार नाही. पाक हार्दोयोंनी आयुष्यात कधी नियम मोडला नव्हता. पाहुणे घरात असताना यजमानाने गाणी ऐकू नयेत असा नियमसुद्धा नव्हता. असं कोणी करेल हे कोणाच्या डोक्यातच आलेलं नव्हतं. त्यांनी आरशासमोर टोपी खाली ओढली, बाटिकच्या सदऱ्याची गुंडी लावली आणि स्वतःला बजावलं: कान मोकळे आहेत. सगळं ऐकू येतं. आदर कुठेही कमी पडत नाही.

अठ्ठावीस माणसं चटयांवर बसली. केळीच्या पानातल्या भाताच्या सुरळ्या फिरल्या, मोगऱ्याचा चहा फिरला. गटाराच्या झाकणावर चर्चा झाली आणि झाकण होतं तसंच राहिलं. चार वाजले. हाडात बासरी उगवली.

आवाज म्हातारा झाला होता. मधे मधे तुटायचा, आणि तुटला की बाई तिथेच थांबून राहायची, जिन्यात दम घ्यायला थांबावं तशी. गिटार तिच्यासाठी खोळंबायची. पाक हार्दोयोंनी डोळे मिटले. बैठकीचे आवाज ऐकू येत होते, अगदी स्वच्छ येत होते, पण ते दुसऱ्या काठावरचे होते. त्यांत शब्द होते आणि त्या शब्दांना हद्दी नव्हत्या. पाणी निळ्या शाईचं होतं आणि हलत होतं. छत्री हळूच मागे झाली.

"...तर माझी मुदत संपली," एका काठावरून पाक वासितो म्हणत होते. "मी पाक हार्दोयोंचं नाव सुचवतो. पाक, आपण घ्याल का ही जबाबदारी?"

चेलो डुलला. पाक हार्दोयोंनी मान हलवली.

अठ्ठावीस माणसांनी चहाचे पेले अधांतरी धरले. असं कधी घडलं नव्हतं. पाक वासितोंनी, न्याय म्हणून, पुन्हा विचारलं. "पाक हार्दोयो, नीट विचार करून सांगा. खरंच घेणार?"

गाणारी जिन्यात थांबली होती. ती पुन्हा चालायला लागली तसे पाक हार्दोयो कृतज्ञतेने हसले आणि त्यांनी मान हलवली.

"तिसऱ्यांदा विचारतो..." इथे पाक वासितोंचा आवाज घोगरा झाला. आणि तिसऱ्यांदा मान हलली. सावकाश, गंभीरपणे, मिटल्या डोळ्यांच्या कडेला एक थेंब घेऊन.

टाळ्यांचा कडकडाट झाला. किती योग्य, पाक हार्दोयोंना वाटलं. वीस वर्षांनी गायली बिचारी.

डोळे उघडले तेव्हा अठ्ठावीस माणसं त्यांचा हात हातात घ्यायला रांगेत उभी होती. पाक सुरातमान गहिवरून म्हणाले, "तीनदा विचारलं, तीनदा हो! डोळ्यांत पाणी! असा सेवाभाव मी वीज खात्यातसुद्धा पाहिला नाही."

"कशाला हो?" पाक हार्दोयोंनी विचारलं.

"बघा, विनय बघा!"

स्वयंपाकघराच्या गुलाबी दारात बू सुमिनाह उभी होती. गल्लीप्रमुखाची बायको आपोआप बायकांच्या मंडळाची प्रमुख होते. तिने पदर सारखा केला, आणि पाक हार्दोयोंनी इतक्या वर्षांच्या संसारात कधी पाहिला नव्हता असा काहीतरी उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता. वोनोगिरीच्या बहिणीला ती हळूच म्हणाली, "पाहिलंस? लोक विचारतात हो त्यांना."

आता बोलायचं तरी काय? खरं सांगावं, तर घरी बोलावलेल्या अठ्ठावीस शेजाऱ्यांसमोर आपण टोपीखाली गाणी ऐकत होतो हे सांगावं लागणार. ते सांगितल्यावर सोलोमध्ये राहता आलं नसतं, क्लातेनलाच जावं लागलं असतं. न सांगावं, तर तास गेला.

आणि तास गेलाच. सोमवारी पाक सुरातमानांनी स्वतः फिरून गल्लीला सांगितलं, की नवे पाक एर्ते चार ते पाच हमखास घरी असतात आणि निवांत असतात. पावणेचारला ओसरीत रांग लागली. भाड्याच्या खोलीसाठी पत्र. शाळेसाठी पत्र. एका बाईला नवऱ्याविरुद्ध पत्र, आणि त्याच नवऱ्याला बायकोविरुद्ध, दोघं एकाच सायकलवरून आलेले. हाडातली गायिका दोन ओळी गायची आणि 'वर्तणूक चांगली आहे' या शब्दांखाली चिरडून जायची. मंगळवारी शिक्का उमटेना. बुधवारी होडी काठाला बांधलेलीच राहिली. गुरुवारी पाक हार्दोयोंनी सुंदर अक्षरात एक दाखला लिहिला आणि खाली तारखेच्या जागी नदी काढली.

त्या रात्री त्यांनी अंथरुणावर पडल्या पडल्या एक भाषण तयार केलं. शुक्रवारी साडेतीनला, रांग लागायच्या आत, मागच्या दाराने निघून ते पाक वासितोंकडे गेले. ऊन पातळ झालं होतं, भिंतींवरून सांडत होतं, आणि चालताना शब्द आपोआप जुळत गेले. पाक वासितो झाडाखाली लाकडी बाकावर पाय पसरून बसले होते. नऊ वर्षांत त्यांचे पाय सरळ झालेले कोणी पाहिले नव्हते.

पाक हार्दोयो उभ्यानेच बोलले. "पाक वासितो, मी अपराधी आहे. त्या दिवशी मी होकार दिलाच नाही. माझ्या टोपीखाली यंत्र होतं आणि यंत्रात गाणं होतं. मान गाण्यासाठी हलली. मी चौतीस वर्षं लोकांच्या हद्दी आखल्या, पाक. स्वतःसाठी एक तास आखला, आणि तोच वाचवता वाचवता घालवून बसलो. आता मी बैठक बोलावतो आणि सगळ्यांसमोर खरं सांगतो. गल्लीने तोंड पाहिलं नाही तरी चालेल. घरचे हसले तरी चालेल. मान गेला तर जाऊ दे, मला माझा तास पाहिजे!"

स्वतःच्या आवाजाने त्यांचे डोळे भरून आले. झाडावरून एक पान पडलं.

"बसा," पाक वासितो म्हणाले. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"टोपीखाली निळा दिवा लुकलुकत होता. मी समोरच बसलो होतो."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"पाक, नऊ वर्षं!" पाक वासितोंनी मान खाली घातली. "दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मनात म्हटलं, याने आता डोळे उघडावेत. तिसऱ्यांदा म्हटलं, देवा, उघडू देऊ नकोस. तुम्ही बैठक बोलवाल तर बोलवा. तुम्ही उठून सांगा की पाहुण्यांसमोर गाणी ऐकत होतो, मग मी उठून सांगतो की मला ते दिसत होतं. गल्लीत दोन उर्मट माणसं होतील आणि प्रमुख एकही नसेल. आणि तुमच्या बू परवा आमच्या बूला सांगत होत्या, की आता आपल्याला रात्री नीट झोप लागते."

सुमिनाहच्या चेहऱ्यावरचा तो उजेड पाक हार्दोयोंच्या डोळ्यांसमोरून हलेना. लांबून पाक सुरातमानांच्या हाका ऐकू यायला लागल्या: "पाक एर्ते! अहो पाक एर्ते! माणसं खोळंबलीत!" पाक हार्दोयो उठले, टोपी सारखी केली आणि वाट धरली.

"पाक," मागून पाक वासितोंनी हाक मारली. ते जरासे अवघडले होते, बाकावरच्या जागेत थोडं सरकले होते. "आता चार ते पाच तुम्हाला काही ऐकता येणार नाही. ते टोपीखालचं नुसतंच पडून राहणार. तर तेवढा वेळ ते मला देत जाल का? पाचच्या ठोक्याला परत आणून देईन."